पालथा कॅन

११ फेब्रुवारी. उद्या सकाळी अप्पांच्या होडीत मैल्याची टाकी नव्यानं बसवायची आहे, म्हणून आज दुपारीच सामान काढून ठेवलं. ड्रिल मशीन, भोक पाडायचं गोल पातं, दोन इंची व्हॉल्व्ह, रबरी वायसर, सायकलची जुनी ट्यूब आणि कपड्याला घालायची नीळ. नीळ कशाला ते पुढं सांगते.

टाकी म्हणजे दुधाचा कॅन. हे वाक्य लिहिताना मला अजूनही कसंतरी होतं, आणि मी सहज कसंतरी होणारी बाई नाही. गावातल्या दूध सोसायटीची मी सेक्रेटरी आहे. नासलेलं दूध, मेलेली म्हैस, मारामारीवर आलेली माणसं, सगळं पाहून झालंय. पण ती एक सकाळ निराळी होती. ती आठवली की अजून हातातलं काम थांबतं.

तेरच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याकाठी आमचं गाव. त्या पाण्यावर शिडाची होडी, होडीत संडास आणि संडासाखाली दुधाचा कॅन, हा सगळा उद्योग एकट्या अप्पांचा. अप्पा म्हणजे माझ्या आधीचे सेक्रेटरी. दिवाळीनंतर ते गेले. रात्री जेवले, झोपले, सकाळी उठले नाहीत. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना दचकवलं, तो इतका गुपचूप जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

ते जळकोटकडचे लिंगायत. घरात कानडी, बाहेर मराठी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि अंगात कायम पांढरा सदरा. दुधाच्या धंद्यात राहून सदरा पांढरा ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मी त्यांच्या हाताखाली टेस्टर म्हणून लागले, त्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली नाही की वही दिली नाही. धुतलेला एक कॅन माझ्यापुढं आणून ठेवला आणि म्हणाले, "मुंडकं घाला आत. हुंगा."

मी हुंगलं.

"काय येतं?"

मी घाबरत म्हटलं, "काहीच नाही."

"मग बराबर. धुतलेल्या कॅनाला कशाचाच वास येत नसतो. दुधाचाबी न्हाय, साबणाचाबी न्हाय. वास आला की परत धुवायचा."

माझं शिक्षण तेवढंच. बाकीचं मी बघून बघून शिकले.

फॅट काढायचं मशीन आमच्याकडं होतं, पण अप्पा आधी नाक लावायचे आणि मग मशीन. पेंड बदलली, म्हैस आजारी आहे, रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळलंय, पाणी घातलंय, हे त्यांना झाकण उघडताच कळायचं. दूध पसंत नसेल तर एकच शब्द, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. तो शब्द ऐकला की माणसानं कासंडी उचलून घरी जायचं. हुज्जत नाही. स्वतःच्या सख्ख्या भावालासुद्धा त्यांनी साकु म्हटलं होतं, आणि दोघं भाऊ पुढं एकमेकांच्या दारात गेले नाहीत. वरच्या वस्तीवरच्या कोंडाबाईला तर कितीदा. ती जाताना रस्ताभर त्यांच्या नाकाचा उद्धार करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध घेऊन हजर व्हायची. जाणार कुठं? आमच्या गावात निम्म्या घरांची चूल त्या दुधावर पेटते.

अप्पांनी सोसायटीत एक नियम घालून दिला होता. मोठ्या गोठेवाल्यांच्या घरी सोसायटीचे कॅन राहायचे. धुतलेला कॅन दारापुढच्या कट्ट्यावर पालथा घालायचा. संध्याकाळी बालाजी टेम्पो घेऊन फिरायचा आणि जो कॅन पालथा दिसेल तो उचलून केंद्रावर आणायचा. "पालथा म्हंजी धुतलेला. धुतलेला म्हंजी आपला. इचारत बसायचं न्हाय, उचलायचा." बालाजी कळंबकडचा. नवीन होता तेव्हा दोन-तीन घरी दार वाजवून विचारायचा, तर अप्पांनी त्याला भर चौकात झापलं होतं. त्यानंतर त्यानं कुणाला विचारलं नाही.

होडीचं खूळ निघालं ते रिटायर झाल्यावर. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकत होते. वारा सुटला, ताडपत्री फुगली आणि दोरी मनगटाला गुंडाळलेली असल्यानं अप्पाही तिच्यामागं बांधापर्यंत फरफटत गेले. गुडघे फुटले. मी हळद घेऊन धावले तर हे उताणे पडून आभाळाकडं बघतायत. म्हणाले, "बाई, एवढा वारा रोज फुकट चाललाय." मला वाटलं, डोक्याला मार लागला.

मग प्लायवूड आलं, राळ आली, लोखंडी पाइप आला. तीन माणसं बसतील एवढी होडी परसात तयार झाली. शीड त्याच ताडपत्रीचं. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. गावातले लोक विचारायचे, "अप्पा, ही चालती का नुसती बांधताय?" तर म्हणायचे, "म्हैस पयल्या दिवशी दूध देती का? गप ऱ्हावा."

खरी गोष्ट निराळी होती, आणि ती मला काकूंकडून कळली. काकू म्हणजे त्यांची बायको. दुसऱ्या बाळंतपणात त्यांचं काहीतरी बिघडलं आणि ते तसंच राहिलं. तासभरसुद्धा लघवी धरवत नाही. बाईमाणूस, सांगणार कुणाला? त्यामुळं धाराशिवची बस नाही, माहेर नाही, जवळच्या येरमाळ्याला येडाईच्या दर्शनालाही वर्षानुवर्षं जाणं नाही. घर आणि गोठा, एवढ्यातच सगळं आयुष्य गेलं. अप्पा डेपोत गेले होते. एसटीत मागच्या सीटच्या जागी संडास करून मिळेल का, म्हणून विचारायला. मला हे खोटं वाटलं होतं. पुढं डेपोतला माणूसच भेटला, तो म्हणाला, "व्हय, आला हुता एक म्हातारा. आमी हासलो तर आमालाच शिव्या देऊन गेला."

"एष्टीत करता येत न्हाय," अप्पा मला म्हणाले. "होडीत येतंय. होडी माझी हाय."

अशी होडी, असा संडास. पण धरणाच्या ह्या तळ्याचं पाणी सगळं गाव पितं. तेव्हा होडीतला थेंबही पाण्यात जाता कामा नये, हा पहिला नियम. बालाजी हसला, "अप्पा, दिसभर म्हशी बसत्यात पाण्यात. त्या काय बाहेर जाऊन येत्यात व्हय?"

"म्हशीला अक्कल न्हाय. तुला हाय का?"



बैठकीखाली टाकी हवी, झाकण घट्ट हवं आणि वास बाहेर पडायला नको. मी म्हटलं, रंगाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, स्वस्तातलं काम. त्यांनी तो आणून नाक लावलं आणि परत दिला. "प्लास्टिकला वास धरतो. कितीबी धुवा, जात न्हाय." मग आत जाऊन स्वतःचा घरचा दुधाचा कॅन घेऊन आले. म्हैस विकल्यापासून तो रिकामाच होता.

मी थिजले. "अप्पा, कॅनात? त्या कॅनात?"

"मग कशात? ह्याच्याएवढं घट्ट झाकण कशाला हाय? आन धुतला की ह्याला काय वास ऱ्हातो?"

बोलणं खरं होतं. तरी मला त्या कॅनकडं बघवेना. ज्या माणसानं मला कॅनात डोकं घालायला शिकवलं, तो हे करतोय! पण खरा धक्का पुढंच होता. मी म्हटलं, ठीक आहे, आता वापरायचाच आहे तर बुडाशी एक भोक पाडू आणि व्हॉल्व्ह बसवू. भरलेला कॅन होडीतून उचलून काढायला नको, काठावरच नळीनं थोडं थोडं बादलीत काढून शेतातल्या खड्ड्यावर नेता येईल. मी ड्रिल हातात घेतलं. अप्पांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं.

"कॅनला भोक? दुधाच्या भांड्याला भोक पाडताय? शरम वाटती का बाई तुमाला?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. त्यांचे डोळे भरले होते, खरंच. त्या कॅनात काय भरायचंय हे त्यांनीच ठरवलं होतं, त्याचं त्यांना काहीच नाही. आणि भोक म्हणजे पाप! मी वाद घातला नाही. काही माणसांशी वाद घालता येतो, काहींच्या पुढं नुसतं सामान ठेवून बाजूला व्हायचं असतं.

म्हणून सगळी कारागिरी झाकणाला झाली. झाकणात दोन भोकं, एका भोकातून बैठकीची जाड नळी आत, दुसऱ्यातून हवेची बारीक नळी बाहेर. (झाकणाला भोक चालतं का, असं मी विचारलं. "झाकण दुधाला लागत न्हाय," म्हणाले.) सांध्यांना सायकलच्या ट्यूबचे वायसर. पहिल्या खेपेला हवेची नळी बसवायच्या आधीच त्यांनी बादलीभर पाणी वरून ओतून बघितलं. पाणी आत जाईना. मग एक मोठा बुडबुडा आला आणि सगळं उसळून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. साधं पाणी होतं म्हणून बरं. सदरा पिळत म्हणाले, "त्यालाबी श्वास लागतो." मग हवेची नळी डोलकाठीच्या बाजूनं पार वर नेली आणि तोंडाला डासांची जाळी बांधली. कॅन आधी होडीच्या मागच्या टोकाला ठेवला तर भरल्यावर मागची बाजू बुडायला लागली आणि पुढची वर आली. तो काढून मधोमध, डोलकाठीच्या पायाशी पट्ट्यानं आवळला.

शेवटी गळतीची परीक्षा. अप्पांनी कॅनात पाणी भरलं, त्यात नीळ घातली, झाकण दाबलं, सगळ्या सांध्यांना पांढरं फडकं गुंडाळलं आणि होडी तळ्यावर मुद्दाम डुचमळवत फिरवली. फडक्यावर निळा ठिपका आला की उलगडायचं आणि पुन्हा बसवायचं. असं कितीदा केलं ते मला सांगता येणार नाही. फडकं कोरं निघालं त्या दिवशी काकू होडीत चढल्या.

सगळं गाव काठावर उभं होतं. काकूंनी पदर डोक्यावरून घट्ट घेतला होता. वारा भरला आणि होडी निघाली. पार पलीकडच्या काठापर्यंत गेली, तिथं बराच वेळ थांबली, मग परत आली. काकू उतरल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, तिकडनं आपलं गाव दिसतं. एवढंच हाय व्हय आपलं गाव?"

त्यानंतर काकू आठवड्यातून दोन-तीनदा जायच्या. अप्पा भरलेला कॅन उचलून काढायचे, त्यावर साधं झाकण दाबायचे, सायकलच्या कॅरिअरला बांधायचे आणि गावातून आपल्या शेतातल्या खड्ड्याकडं निघायचे. वर राख, वर माती. हे काम दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. "ज्याचं त्यानं," एवढंच म्हणायचे. दुसऱ्याची घाण काढायला आपल्यात कुणाला लावलं जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते दोन शब्द बऱ्याच जणांना टोचायचे. त्यांच्या जातीतल्या लोकांनी घरी येऊन समजावलं, तर अप्पांनी त्यांना चहा पाजला आणि कॅन बांधून निघाले.

रस्त्यात कुणी नवखा सहज विचारायचा, "काय अप्पा, दूध घेऊन निगाला का?"

"न्हाय. गू हाय."

अगदी शांतपणे. सायकल न थांबवता. मी एकदा त्यांच्या मागून येत होते आणि विचारणारा माणूस रस्त्यात जागच्या जागी उभा राहिलेला मी पाहिला. खोटं बोलायला तोंड उघडतच नव्हतं त्यांचं. "पाणी हाय" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आता ती सकाळ.

मे महिना होता. पाणी मागं सरकलं आणि होडी गाळात टेकायला लागली. अप्पांनी ती काठावर ओढून घेतली, टाकी सोडवली आणि रिकामी केली. मग कॅन धुतला. उकळतं पाणी, सोसायटीत वापरतो ती धुण्याची पावडर, ब्रश, पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा ब्रश. धुऊन झाल्यावर नळ्यांचं झाकण त्यांनी घरात खुंटीला लावलं. आणि कॅन? त्यांच्या हातांनी जन्मभर जे केलं तेच केलं. उचलला आणि दारापुढच्या कट्ट्यावर पालथा घातला.

संध्याकाळी बालाजीचा टेम्पो आला. पालथा कॅन दिसला. विचारायचं नाही, उचलायचा.

सकाळचं संकलन झालं होतं. सगळे कॅन भरून, झाकणं दाबून शेडखाली ओळीनं उभे होते, बालाजी टेम्पोचं फाळकं पाडत होता. शीतकरण केंद्रानं त्याच महिन्यात आम्हाला ताकीद दिलेली, आणखी एक तक्रार आली तर तुमच्या गावचं दूध बंद. त्यामुळं मी डोळ्यांत तेल घालून होते. कोंडाबाई बाकड्यावर बसून माझ्याशी वासराच्या तब्येतीचं बोलत होती.

अप्पा धावत आले. त्यांना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. हातात ते झाकण, झाकणाला दोन नळ्या लोंबतायत.

"बाई, माझा कॅन कुठाय?"

मला कळायला क्षणभर वेळ लागला. कळलं तसं मी बालाजीकडं बघितलं. बालाजीनं झाकणाकडं बघितलं. 

"कट्ट्यावर हुता की," तो पुटपुटला. "पालथा हुता."

नियम अप्पांचाच. बोलणार काय? त्यांनी झाकण खाली ठेवलं, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "थांबा. म्या वळखतो."

मी आणि बालाजी बघत उभे होतो. पहिल्या कॅनचं झाकण उघडलं, नाक आत, आणि कानडीत आकडा. "ओंदु." दुसरा. "एरडु." तिसरा. "मूरु." ओळीच्या शेवटापर्यंत गेले. कुठंच थांबले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ह्या वेळी प्रत्येक कॅनात जास्त वेळ. बाहेरून बोटं फिरवली, बुडाशी वाकून पाहिलं, काठाचा वास घेतला. एखादा ओरखडा, एखादं भोक, काहीतरी खूण हवी होती. काही नव्हतं. सगळे कॅन सारखे. सोसायटीचे आणि त्यांचा, एकाच दुकानातून आणलेले.

दुसऱ्यांदा शेवटाला पोचल्यावर ते तिथंच खाली बसले. त्यांच्या नाकाच्या शेंड्याला दूध लागलेलं होतं.

"येत न्हाय, बाई. कशाचाच वास येत न्हाय. लई चांगला धुतला म्या."

इतका घाबरलेला चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. पोराला गर्दीत हरवून बसलेल्या बापाचा असावा तसा.

बालाजी हळूच माझ्याजवळ सरकला. "मग झालं की मॅडम. वास न्हाय म्हंजी घाण न्हाय. अप्पांच्या नाकाला गावंना ते कुणाला गावणार? भरू का गाडी?"

मला काय वाटलं ते सरळ लिहिते. मला वाटलं, हा बरोबर बोलतोय. उकळत्या पाण्यानं धुतलेला कॅन आहे. पुढं केंद्रावर दूध तापवलं जाणार. कुणाला काही होणार नाही. आणि सांगितलं तर केंद्र गावाचं दूध बंद करणार, म्हणजे कोंडाबाईसारख्या कितीतरी घरांचं काय, हे मला बाकड्यावर समोरच दिसत होतं. मी अप्पांकडं बघितलं. ते म्हणतील "ओतून टाका," म्हणजे माझ्यावरचा भार जाईल. पण ते मान खाली घालून एवढंच म्हणाले, "सेक्रेटरी तुमी हाव."

"काय झालंय?" कोंडाबाई उठून आली. "काय हुडकायलाय ह्यो म्हातारा?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा बोलले. नेहमीच्याच आवाजात, सायकलवरून जाताना बोलायचे तसे. "कोंडाबाई, होडीतला माझा कॅन ह्यात आलाय. संडासाचा. धुतल्याला हाय. पण कुटला ते मला वळखू येईना. तुझं दूध त्यात असंल, नसंल."

 बाहेर एक म्हैस ओरडली. दूध घालून परतणारी आणखी चार-पाच माणसं दारात थबकली होती. सगळ्यांनी ऐकलं. एका बाईनं तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडं वळली.   हा माणूस गप्प बसू शकत नव्हता का? दोन मिनिटं?

आणि माझ्या तोंडून निघालं, "साकु."

तो शब्द मी जन्मात वापरलेला नव्हता. बालाजीनं फाळकं वर करून कडी लावली.

कोंडाबाई अप्पांच्या पुढ्यात जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माज्या दुधात पाणी हाय म्हणून कितीदा परत धाडलंस अप्पा? चार माणसांत लाज काढलीस. आन तू काय घातलंस बग!"

कुणीतरी हसलं, पण हसणं लगेच गिळलं. अप्पांनी मान हलवली. "खरं हाय," म्हणाले.

मग कोंडाबाईनंच पहिला कॅन कडांना धरून आडवा करायला घेतला. अप्पा ताडकन उठले, तिच्यापुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले. "हितं न्हाय! हितली मोरी नाल्यात जाती, नाला तळ्यात जातो! हितं न्हाय!"

आम्ही सगळे थक्क. अब्रू गेलीय, गावाचं दूध बुडतंय, आणि ह्यांना तळ्याचं पडलंय! पण ते हटेनात. शेवटी बालाजीनं सगळे कॅन टेम्पोत चढवले, आणि केंद्राकडं निघायचा टेम्पो अप्पांच्या शेताकडं वळला. त्यांच्या त्या खड्ड्यात आम्ही दूध ओतलं. भर उन्हात पांढरं शुभ्र दूध मातीत जिरत होतं, आणि कोंडाबाई काठावर बसून मोठ्यानं रडत होती. अप्पा वर राख टाकत होते.

केंद्राला मी फोन केला, दूध नासलं म्हणून सांगायला. अप्पा शेजारीच उभे. फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "नासलं न्हवतं. काय झालं ते ऐका." आणि सगळं सांगितलं. कॅनसकट, बायकोसकट, संडासासकट. पलीकडच्या साहेबानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, सगळे कॅन बदला, मग बघू. त्या दिवसाचे पैसे कुणालाच मिळाले नाहीत. केंद्रानं काही दिवस आमचं दूध घेतलं नाही, मग घ्यायला लागलं. खरं सांगितल्यामुळं घेतलं की कीव आली म्हणून, मला माहीत नाही.

नवे कॅन अप्पांनी आणून दिले आणि जुने सगळे स्वतःच्या परसात नेले. गाव त्यांच्याशी बोलेना. दारावरून जाताना माणसं नाक धरायची. अप्पांनी त्यांच्या वाटणीचं ते सगळं सोसलं, सफाई दिली नाही. पाणी चढलं तसं त्याच कॅनांतल्या एकाला ते झाकण लावून होडी पुन्हा सोडली. बाकीच्या कॅनांत काकूंनी शेवंती लावली. ती कुजली. पाणी निघून जायला बुडाला भोक हवं ना! अप्पांनी पाडू दिलं नाही. काकूंनी पुन्हा लावली, पुन्हा कुजली.

आणि एक दिवस काकूंबरोबर होडीत कोंडाबाई दिसली. तिलाही तीच अडचण आहे, हे तेव्हा कळलं. मग आणखी एक आली, मग आणखी. काठावर बायका पाळी लावून बसायला लागल्या. बालाजी शीड धरायला शिकला. अप्पा पाठमोरे बसून दोरी ओढायचे आणि कानडीत काहीतरी गुणगुणायचे.

आता अप्पा नाहीत. बालाजी होडी चालवतो, पण भरलेला कॅन उचलून काढणं एकट्याच्यानं होत नाही आणि बायकांच्या कमरा गेलेल्या. काकूंनी परवा बोलावून घेतलं. म्हणाल्या, "बाई, तुमी म्हणला हुता तसं करा. खाली तोटी बसवा. लोकांकडनं उचलून घ्यायचं न्हाय मला. ज्याचं त्यानं."

१२ फेब्रुवारी. आज सकाळी दुधाचा टेम्पो गेल्यावर मी त्यांच्या परसात गेले. कुजक्या शेवंतीचा एक कॅन रिकामा केला आणि धुतला. हुंगला. काही नव्हतं. तो तोच होता की दुसरा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. काकूंनी तो दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरला आणि तोंड दुसरीकडं वळवलं. मी पातं टेकवलं. कॅन असा किंचाळला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. चकतीसारखा गोल तुकडा खाली पडला. काकूंनी तो उचलून पदराच्या टोकाला बांधला. व्हॉल्व्ह बसवला, नीळ घालून पाणी भरलं, फडकं गुंडाळलं, कॅन चांगला हलवून पाहिला. फडकं कोरं.

मग आतली नीळ ओतून कॅन विसळला आणि दारात येऊन सवयीनं कट्ट्यावर पालथा घालायला वाकले.

"बाई!" काकू आतून ओरडल्या.

माझे हात जागच्या जागी थांबले. मी कॅन सरळ ठेवला आणि तो वाळेपर्यंत शेजारी बसून राहिले.